दुसरा पाय

“हाड मोडलंय, हे आवाजाला कसं कळतं?” बाबांनी विचारलं.

हाच प्रश्न यावा म्हणून तन्मय सकाळपासून टपून बसला होता!

“हाड सलग असलं की आवाज त्यातून सरळ धावतो, बाबा. तडा असला की अडखळतो. एक्स-रे नको, वीज नको. हा आपटला की घुमणारा नादकाटा आणि स्टेथोस्कोप, बस्स! मला उद्याच खालच्या वाड्यांवर लोकांना तपासायला जाऊ द्या.”

बाबा पूर्वी शहरात हाडांचे डॉक्टर होते. आता डोंगरावरच्या मठात दवाखाना चालवत, आणि तन्मय त्यांच्या हाताखाली शिकत होता.

त्यांनी नुसतं घोंगडीकडे बोट केलं.

घोंगडीवर धनगरवाड्यातली गोदाक्का पाय धरून बसली होती. कड्यावरून घसरली होती. पाय मोडला असेल तर डोलीतून तालुक्याला न्यायचं. नसेल तर तिला आत्ताच मेंढरांमागे निघायचं होतं.

“बिगी बिगी सांग रं लेकरा. मेंढरं उघड्यावर हायती.”

तन्मयने नादकाटा तळहातावर आपटला, तिच्या घोट्याच्या हाडावर टेकवला, गुडघ्याखाली स्टेथोस्कोप ठेवला. श्वास रोखला...

घूंऽऽ...

“येतोय! आवाज येतोय! हाड शाबूत आहे. उठा आक्का, चाला!”

गोदाक्काने काठी टेकली.

“थांब गोदे,” बाबा म्हणाले. मग तन्मयकडे वळले. “दुसरा पाय ऐकलास?”

“त्याला काय झालंय?”

“काही नाही.”

“मग तो कशाला ऐकायचा?”

बाबांनी स्टेथोस्कोप तिच्या दुसऱ्या गुडघ्याखाली सरकवला.

तन्मयने वैतागून नादकाटा दुसऱ्या घोट्यावर टेकवला आणि दचकलाच. केवढा खणखणीत नाद! मघाचा आवाज याच्यापुढे पाण्याखालून आल्यासारखा होता.

पुन्हा दुखरा पाय. पुन्हा बरा.

“फरक आहे!” तो उडी मारूनच उठला. “बाबा, तडा आहे! सापडला!”

“माझा पाय मोडला, आन् तू नाचतुयास व्हय रं मुडद्या?”

तन्मयने जीभ चावली. मुकाट्याने बांबूच्या कामट्या लावून पाय बांधला. डोली उतरणीला लागली, मेंढरं मठाच्या अंगणात आली, तरी त्याच्या कानात तो नाद घुमतच होता.

“बाबा, आता तरी जाऊ ना? आता मला मोडलेलं ओळखता येतं!”

बाबांनी धोतर गुडघ्यापर्यंत वर घेतलं आणि आपला पाय त्याच्यापुढे लांब केला.

“जा. वाटेत भेटेल त्या धडधाकट माणसाचा पाय ऐकत जा... हा पहिला.”