सहावा शब्द

सुतारपक्षी किड्यांसाठी नव्हे, निरोपांसाठी खोड ठोकत, त्या काळची ही गोष्ट. एका खोल दरीच्या दोन काठांवर सुतारपक्षी भाऊ-बहीण राहत. मधे कायम धुकं. त्या धुक्यात काहीतरी होतं आणि कुणाचं बोलणं संपलं की ते त्याच्याच आवाजात पुढे बोलू लागायचं. म्हणून आईने दोघांना बजावलं होतं, "आधी ठोके द्यायचे. जितके ठोके, तितकेच शब्द ऐकायचे. त्यापुढचा शब्द आपला नाही."

एकदा भावाच्या काठावर वणवा लागला. ताईची पिल्लं त्याच्याकडेच होती. आग विझताच त्याने 'ताई, वणवा विझला, पिल्लं सुखरूप आहेत' असा निरोप मनात जुळवला आणि सहा ठोके दिले. पण धुराने घसा दाटला होता. 'ताई' म्हणायचं राहूनच गेलं.

"वणवा विझला, पिल्लं सुखरूप आहेत," तो ओरडला.

मग त्याच्या लक्षात आलं, की ताई अजून एका शब्दासाठी थांबली असणार.

तो शब्द दरीतून आला, हुबेहूब त्याच्याच आवाजात. "उतर."

"ताई! ताई!" तो जिवाच्या आकांताने ओरडला. पण ठोक्यावाचून आलेली हाक ताई कशी ऐकणार? तिच्या पंखांची फडफड खाली खाली जात धुक्यात विरली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी दरीतून एकच ठोका आला, ताईच्याच चोचीचा. भाऊ पुढचा शब्द ऐकायला थांबला.

शब्द काही आला नाही. आजही सुतारपक्षी ठोकता ठोकता मधेच थांबतो, मान तिरकी करतो आणि ऐकत राहतो.