नाण्याचा दुसरा अर्धा

फार फार वर्षांपूर्वी, गलबतं नुसत्या वाऱ्याच्या भरवशावर दूरदेशी जात होती त्या काळची ही गोष्ट. समुद्रकाठी एक बंदर होतं. तिथून मिरी भरून जहाजं रोमकांच्या, म्हणजे रोमन लोकांच्या, देशात जात आणि येताना तिकडची नाणी घेऊन येत. त्या बंदरात मिरीचे एक मोठे व्यापारी राहत. सगळे त्यांना शेटजी म्हणत.

शेटजी माणूस सज्जन. दानधर्म करणारे, शब्दाला पक्के. पण त्यांना रोमकांच्या जुन्या नाण्यांचं भारी वेड. लोक पैसा देऊन वस्तू विकत घेतात, आमचे शेटजी पैसा देऊन पैसाच विकत घ्यायचे! प्रत्येक रोमक राजा गादीवर बसला की आपला चेहरा नाण्यावर उमटवतो, हे त्यांना कळलं होतं. ते सगळे चेहरे ओळीने जमवायचे, एकही सुटू द्यायचा नाही, असा त्यांनी चंगच बांधला होता.

या छंदात मनस्ताप काय कमी होता? कुणी नकली नाणी ओतून गळ्यात मारी. कुणी गळ्यातल्या माळेसाठी नेमकं राजाच्या नाकावरच भोक पाडून ठेवलेलं असे. एकदा तर हौसेने चिंच आणि राख लावून शेटजींनी एक नाणं इतकं घासलं, की मळाबरोबर राजाही गेला. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

पण सुखही तसंच होतं. मातीने माखलेलं नाणं ते रिठ्याच्या पाण्यात भिजत घालीत आणि बांबूच्या काडीने हळूहळू मळ सोडवीत बसत. आधी नाक दिसे, मग हनुवटी, मग कपाळावरची पानांची माळ. शेकडो वर्षं कुणी न पाहिलेला माणूस तळहातावर यायचा, आणि शेटजी लहान मुलासारखे हसायचे. त्यांची बायको म्हणे, "अहो, घरात जिवंत माणसं आहेत. त्यांचीही तोंडं बघा कधीतरी!"

होता होता सगळे राजे जमले, एक सोडून. त्या राजाने कसाबसा एक पावसाळा राज्य केलं होतं. पुढच्याने गादीवर बसताच त्याची नाणी शोधून शोधून वितळवली. पेटीतल्या मखमलीवर त्याची एवढीच जागा रिकामी होती, आणि शेटजींचा डोळा भरलेल्या जागा सोडून तिथेच जायचा.

एका थंडीत एक कोळी त्यांच्याकडे आला. "शेट, वादळानंतर वाळूत हे गावलं. अर्धंच हाय."

चांदीच्या नाण्याचा तो अर्धा होता. मधोमध कापलेला, काळ्या दोऱ्यात ओवलेला. त्यावर राजाची मान होती, कान होता आणि मागे काही अक्षरं होती. शेटजींनी अक्षरं ओळखली. तोच राजा होता.

आता त्या बंदराची एक रीत सांगायला हवी. दूरच्या सफरीवर निघालेला खलाशी एक नाणं कापून दोन करी. जाणारा पाठ फिरवून जातो, म्हणून मानेकडचा अर्धा तो गळ्यात बांधी. चेहऱ्याचा अर्धा घरच्या माणसांपाशी राही. खलाशी परतला की नाणं जुळवून गोडधोड होई. पण नुसता अर्धाच किनाऱ्याला लागला, तर ज्याला तो सापडेल त्याने देवळाच्या दाराला टांगायचा. घरचे येऊन आपला अर्धा जुळवून बघत आणि समजून जात. मग दोन्ही तुकडे समुद्राला देऊन त्या माणसाचं उत्तरकार्य करीत.

कोळी म्हणाला, "देवळात टांगून येऊ का?"

"राहू दे," शेटजी घाईने म्हणाले. "तू कशाला हेलपाटा घालतोस? मीच टांगतो."

टांगणार होतेच हो ते! पण आधी जरा धुवावं म्हटलं. मग जरा मखमलीवर ठेवून बघावं म्हटलं. रिकाम्या जागेत तो अर्धा इतका शोभला, की शेटजी मनाशी म्हणाले, उद्या नेऊ. तो उद्या काही उगवला नाही. उलट, दुसरा अर्धा कुठे असेल, हाच ध्यास त्यांना लागला.

शोध घेता घेता ते गलबत हाकणाऱ्या एका तांडेलाच्या दाराशी पोचले. तांडेल सफरीवर गेला होता आणि त्याच्याबरोबरची गलबतं केव्हाच परतली होती. घरात त्याची बायको होती, आणि ओट्यावर त्याची आंधळी म्हातारी आई बसली होती. पाऊल वाजताच ती म्हणाली, "आला का गं?"

"नाही आई. शेटजी आलेत."

तांडेलाच्या बायकोने पदराच्या गाठीतून अर्धं नाणं काढून दाखवलं. कपाळ, नाक, मिटलेले ओठ. शेटजींनी सोन्याची किंमत देऊ केली.

"विकायचा कसा?" ती म्हणाली. "याच्याच आशेवर तर आम्ही बसलोय. कुंकू लावताना हात अडतो, न लावावं तर जीव धजत नाही."

म्हातारी म्हणाली, "शेट, तुमची जहाजं चहूकडं जातात. काय असेल ते एकदा कळू दे मला. वाईट असलं तरी सांगा. रोज त्याचं ताट वाढायचं नि रोज काढून ठेवायचं, हे आता सोसवत नाही बाबा."

तरी शेटजींनी मेणाच्या तुकड्यावर त्या अर्ध्याचा ठसा तेवढा मागून घेतला. वाटभर ते स्वतःची समजूत घालत होते, नसेल जुळत, दुसऱ्याच कुणाचा असेल.

घरी येऊन त्यांनी आपल्याकडच्या अर्ध्याचाही मेणात ठसा घेतला आणि दोन्ही ठसे शेजारी ठेवले. काठाला काठ बसला. अक्षराला अक्षर मिळालं. राजा पुरा झाला आणि शेटजींकडे पाठ न फिरवता बघू लागला. आयुष्यात एवढा आनंद त्यांना झाला नव्हता, आणि एवढी भीतीही वाटली नव्हती. तांडेल बुडाला, हे त्या क्षणी जगात फक्त त्यांना ठाऊक होतं.

लगेच जायला हवं होतं. पण दिलं की दोन्ही तुकडे समुद्रात जाणार. शिवाय, इतके दिवस का दडवलं, असं विचारलं तर काय तोंड दाखवायचं? सण होऊन जाऊ दे, शेटजी म्हणाले. सणानंतर जहाजं भरायची निघाली. चालढकल करणाऱ्याला कामांचा काय तोटा?

शेवटी एका सकाळी त्यांना अन्न गोड लागेना. दोऱ्यासकट तो अर्धा घेऊन ते निघाले. तांडेलाच्या अंगणात माणसं जमली होती. म्हातारी पहाटेच गेली होती.

सून शेटजींना म्हणाली, "शेवटपर्यंत दाराकडं तोंड करून होत्या. 'आला का गं' एवढंच म्हणत होत्या."

शेटजींनी मूठ उघडली. तिने दोरा ओळखला, तो तिनेच वळला होता. पदराची गाठ सोडून तिने तुकडे जुळवले. मग तिने विचारलं, "कधी सापडला?"

शेटजी खोटं बोलू शकले असते. बोलले नाहीत. "थंडीत," ते म्हणाले. "माझ्याच पेटीत होता."

ती ओरडली नाही. "हे दुःख आमचं होतं, शेटजी," ती म्हणाली. "तुम्ही ते ठेवून घेतलंत. मी ते आज घेते. पण आईंचा वाटा आता कुणाच्या हातात देऊ?"

त्या संध्याकाळी आई आणि मुलगा, दोघांचं कार्य एकाच किनाऱ्यावर सुरू झालं. जुळलेलं नाणं लाटेत गेलं. शेटजी मान खाली घालून दूर उभे राहिले. त्यांना कुणी जवळ बोलावलं नाही.

त्यानंतरही त्यांनी पुष्कळदा पेटी उघडली. पण कुठलंही नाणं हातात घेतलं की, हे कुणाच्या घरातून आलं असेल, कोण याची वाट बघत असेल, एवढंच त्यांच्या मनात येई आणि ते नाणं खाली ठेवून देत. इतकी वर्षं पोसलेला छंद असा हातातून गेला.

तात्पर्य: दुसऱ्याच्या हक्काचं सत्य आपल्या हौसेपायी अडवून ठेवू नये; उशिरा दिलं तर घेणारा उरतोच असं नाही.