म्हाताऱ्यांच्या खोलीचं कुलूप

आमच्या बेलेवाडीत म्हाताऱ्यांची खोली आहे. गावातली घरं पाळीनं भाकरी आणतात, आमची नखं कापतात. बदल्यात आम्ही त्यांची पोरं सांभाळतो, म्हणजे बिघडवतो. सरपंच धनाजीरावांना तिथं आपली कचेरी हवी होती. एका सकाळी ते शिपायाला घेऊन, हातात भलंमोठं कुलूप नाचवत आले.

"उठा! म्हाताऱ्यांना खोली कशाला?"

आमच्यातली सगळ्यात थोरली सोनाक्का हलली नाही. "लाव की रं धनाजी. पण ज्याला म्हातारं व्हायचं नाही, त्यानंच लावायचं."

आता लावतंय कोण, हे बघायला आम्ही माना लांब केल्या. सरपंचांनी कुलूप झटकन शिपायाच्या हाती दिलं. "साहेब, माझं अजून लगीन व्हायचंय, जगू द्या की!" म्हणत त्यानं ते परत केलं.

सरपंच कुलूप पायरीवर ठेवून गुपचूप गेले. आम्हाला दात नाहीत. त्या कुलपानं सुपारी झकास फुटते.