वळचणीचं बोळकं

चांदणगडच्या राजे भैरवसिंहांनी सिदोजी पखालजीला तुरुंगात टाकलं, आणि कशासाठी, तर त्यानं एक साधा प्रश्न विचारला म्हणून! "महाराज, कुणाच्या घरात काय साठवलंय, तेवढं आम्हाला सांगाल का?"

आता यात वावगं काय होतं? गावात आग लागली की सिदोजीची माणसं पाण्याच्या पखाली घेऊन धावायची. नदीपलीकडच्या पैलाड गावचे पखालजीही मदतीला यायचे, तसा दोन गावांचा करारच होता. पण घरात तेल किंवा बंदुकीची दारू ठेवायची तर दरबारचा परवाना लागे, आणि ते सगळे परवाने कोतवाल जिवाजीरावांच्या पेटीत कुलूपबंद! परवा आग लागली ती एका तळघराला. आत तेल आहे, हे बिचाऱ्या पैलाडकरांना काय ठाऊक? त्यांनी धो धो पाणी ओतलं. पेटत्या तेलावर पाणी! असा भडका उडाला, की पैलाडच्या म्होरक्याच्या, येसबा नाईकाच्या, मिशा जळून गेल्या. माणसं वाचली हे नशीब.

त्यावर सिदोजीनं प्रश्न विचारला, तर कोतवालानं राजाचे कान भरले. "महाराज, हा फितूर आहे! दारू कुठं आहे ते उद्या चोरांना कळेल." राजा हलक्या कानाचा आणि वर हट्टी. झालं!

दुसऱ्या दिवशी सिदोजीची लेक गोजरा दरबारात उभी राहिली. शेजारी बिनमिशांचा येसबा नाईक.

"घरात काय हाय ते कळल्याबिगर आमची मान्सं आगीत उतरायची न्हाईत," येसबानं बजावलं.

"आन माझ्या बाबांना सोडा," गोजरा म्हणाली.

राजा चिडला. "बरं, मग ऐक! आग लागली की परवान्यातला माल पैलाडच्या शेवटच्या पखालजीलाही कळला पाहिजे. आग नसेल तेव्हा मात्र कुण्णाला कळता कामा नये! जमलं तर बाप सुटेल. नाही जमलं तर बाप हद्दपार!"

कोतवाल मिशीतल्या मिशीत हसला. गोजरानं मात्र मान खाली घातली नाही.

"महाराज, येक इचारू? तुमची मोहोर फोडायचा हक्क कुणाला?"

"कुणालाच नाही! फोडणाऱ्याचा हात तोडीन!"

"आन आगीनं फोडली तर?"

राजानं डोकं खाजवलं. आगीचा हात कसा तोडणार?

"मोहोर लाखेचीच न्हवं? मग त्यो हक्क आगीलाच देऊ या!"

गोजरानं कुंभाराकडून ढीगभर बोळकी आणवली. मग एकेका घरमालकाला देवळाच्या खोलीत एकट्यालाच पाठवलं. आत लांब चिंध्या ठेवल्या होत्या, चटकन पेटू नयेत म्हणून तुरटीच्या पाण्यात भिजवून वाळवलेल्या. घरात नुसतं लाकूड-धान्य असेल तर पांढरी, म्हणजे पाणी मारा. तेल असेल तर पिवळी, म्हणजे वाळू टाका. दारू असेल तर लाल, म्हणजे लांब पळा! मालकानं आपली चिंधी गुपचूप बोळक्यात कोंबायची, तोंड लाखेनं बंद करायचं आणि बाहेर येऊन वर राजाची मोहोर उठवून घ्यायची. मग ते बोळकं घराच्या वळचणीला उपडं टांगायचं.

घराघराला बोळकं लागलं. कोतवालाच्या घरालाही लागलं, राजवाड्यालाही लागलं.

राजानं आपला सर्वांत हुशार हेर गोसाव्याच्या वेषात फिरवला. तो संध्याकाळी तोंड पाडून परत आला. "महाराज, सगळीकडं सारखंच बोळकं! माझ्या घरातसुद्धा काय आहे ते मला बाहेरून कळेना!"

"पण आगीत ते उघडेल कशावरून?" कोतवाल फिस्कारला.

"बघू या की," राजा म्हणाला. "तुमचंच घर समोर आहे. तुमच्याकडं ज्वारीशिवाय आहे काय?"

कोतवालाचा चेहरा पांढराफटक पडला. "माझं कशाला, महाराज? दुसरं एखादं..."

"तुमचंच!" राजा हट्टाला पेटला.

बोळकं वळचणीवरून सोडून काठीला टांगलं आणि चौकात आणून खाली मशाल धरली. सगळा गाव माना वर करून बघत राहिला. लाख घळघळली, बोळक्याचं तोंड उघडलं आणि सर्रकन चिंधी खाली लोंबली.

पिवळी!

"वाळू आना रं!" येसबा नाईक सवयीनं ओरडला.

"काय हो जिवाजीराव," राजानं विचारलं, "ज्वारीवर वाळू कधीपासून टाकतात?"

शिपाई घरात शिरले. तळघर तेलाच्या बुधल्यांनी भरलेलं, आणि परवाना एकाचाही नाही!

"पण मूर्खा, मग पांढरीच चिंधी का नाही घातलीस?" राजाला हे काही उमगेना.

उत्तर गोजरानं दिलं. "महाराज, तुमच्याशी खोटं बोलत्यात लोक. पण सोताच्या पेटत्या तेलावर पाणी कोन मारून घेईल?"

कोतवाल घामाघूम झाला, तरी खोड जाईना. "महाराज, पोर हरली! कुणाला कळता कामा नये असा हुकूम होता. इथं तर अख्ख्या गावाला कळलं!"

"अरे, खरंच की," राजा कपाळाला आठ्या घालून म्हणाला. "हुकूम तो हुकूम."

गोजरा पुढं झाली. "हुकूम परवान्यातल्या मालाचा हुता, महाराज. कोतवालसाहेबांनी ह्या तेलाचा परवाना दावावा. मी हरले म्हंते!"

मग राजाच्या पोटातून हसू उसळलं आणि त्याला ठसकाच लागला. येसबा नाईक तर मांडीवर थापा मारू लागला.

सिदोजी तिथल्या तिथं सुटला, त्याच्या कोठडीत जिवाजीराव गेले. लेकीला कुशीत घेऊन सिदोजी भर चौकात रडला. परवान्यांचं सगळं काम राजानं गोजराकडं सोपवलं.

"आणि कोतवालाचं हे घरही तुझं!" राजा डोळे पुसत म्हणाला. "आजच राहायला जा!"

"जाते की, महाराज," गोजरा म्हणाली, "पर पैलं त्ये तेल हलवा. माज्याकडं परवाना न्हाई!"

राजाला पुन्हा ठसका लागला!