उलटा ठेवलेला समुद्र

फरशीच्या खाणीवर पोट भरणाऱ्या एका गावात तिप्पण्णा नावाचा पाथरवट होता. छिन्नीचा एक ठोका ऐकून तो दगड कुठे फुटेल ते सांगे. त्याचा हात चुकत नाही, अशी पंचक्रोशीत ख्याती होती. तिप्पण्णा ती जिवापाड जपत असे.

एकदा वासंतीबाई नावाच्या अभ्यासक तिथे आल्या. फार पूर्वी इथे समुद्र होता आणि त्यातले शिंपले एकाएकी संपले, असे त्या म्हणत. ते का संपले, हे त्यांना शोधायचे होते. तिप्पण्णाने खाणीच्या भिंतीतून सात फरश्या काढल्या, गेरूने आकडे घातले आणि क्रमाने रचून दिल्या.

बाईंनी थराथराची पूड करून तिच्यावर आम्ल टाकले. चौथ्या फरशीतल्या काळ्या रेघेची पूड फसफसली आणि सडक्या अंड्यांचा वास सुटला. बघ्यांनी नाके धरली. बाई मात्र खूश झाल्या. पाण्यातला प्राणवायू संपला की तळाच्या गाळात असा गंधक साठतो, असे त्यांनी समजावले.

दुसऱ्या दिवशी चावडीवर त्यांनी निष्कर्ष सांगितला. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा; आणि चौथ्या फरशीत खाली शेवटचे शिंपले, वर काळी रेघ. म्हणजे शिंपले आधी मेले, समुद्र मागाहून नासला. हेच त्या विद्यापीठाला कळवणार होत्या.

तिप्पण्णा चमकला. खाणीत रेघ तर खाली होती. मग त्याच्या ध्यानात आले. फरशी रचताना गुळगुळीत बाजू वर ठेवायची, ही चाळीस वर्षांची सवय. चौथीची गुळगुळीत बाजू खालची होती. हाताने ती आपसूक उलटली होती.

शेजारच्या मुकादमाने त्याच्या चेहऱ्यावरून सारे ओळखले. "गप बस, तिप्पण्णा. ते शिंपले काय साक्ष द्यायला येणारेत?" तो कुजबुजला.

तिप्पण्णाने मनाशी हिशेब केला. बोललो तर नाव जाईल. नाही बोललो तर त्या समुद्राची खोटी गोष्ट लिहिली जाईल, तीही आपल्या हातामुळे. तो उठला.

"बाई, तो समुद्र मी उलटा ठेवलाय."

चावडी खो खो हसली. बाई हसल्या नाहीत. त्याच्यासोबत खाणीत जाऊन त्यांनी भिंतीतला थर नीट पाहिला.

"समुद्र आधी नासला, म्हणून शिंपले मेले," त्या म्हणाल्या. "तिप्पण्णा, तुम्ही फरशी नाही, माझं उत्तर सुलटं केलंत."

तेव्हापासून त्या खाणीत फरशी सुटण्याआधीच तिच्यावर गेरूने वरच्या दिशेचा बाण काढतात. लोक त्याला तिप्पण्णाचा बाण म्हणतात. त्याचा हात चुकत नाही, असे आता कोणी म्हणत नाही. पण दगडावरून वाद निघाला, की शेवटचा शब्द त्याचाच मानतात.

तात्पर्य: चूक कबूल केली तर आपली मान घटकाभर खाली जाते, लपवली तर सत्य कायमचे खाली डोके वर पाय राहते.