अत्तराखाली दडलेली जखम

ज्या काळी राजे स्वतः रणात उतरत, त्या फार जुन्या काळची ही गोष्ट. एका डोंगरी राज्याच्या राजाच्या पोटरीत बाणाचं टोक रुतलं. म्हाताऱ्या वैद्यराजांनी पोटरी चिरून ते बाहेर काढलं. शस्त्रक्रिया उत्तम झाली, पण नंतरची कळ राजाला सोसवेना.

वैद्यराजांनी कडू काढा दिला आणि वाळ्याच्या अत्तराचा थेंब कापसावर घेऊन उशाशी ठेवला. "काढ्याच्या जोडीला हा वास असू द्या. मन निवलं की कळही थोडी निवते." राजा शांत झोपला. राणीच्या जिवात जीव आला.

रणात वाघ असलेला हा राजा काढ्यापुढे मात्र मांजर होई. "वासानंच बरं वाटतंय, तर काढा कशाला? आणि पट्टी सोडून पुन्हा जीव कशाला घ्यायचा?" दरबारी पडले होयबा! त्यांनी खिडक्या लावल्या, पडदे अत्तरात भिजवले आणि जागोजागी धुपाटणी पेटवली.

वैद्यराजांची एक रीत होती. पट्टी सोडण्याआधी ते तिला नाक लावत, कारण जखम चिघळू लागली की आधी वास सांगतो. पुढच्या खेपेला ते वाकले, तर आला तो नुसता वाळा. राजाचं अंग मात्र तापलं होतं.

"महाराज, खिडक्या उघडा. पट्टी सोडू द्या."

"हात लावाल तर याद राखा!" राजा गरजला. पहारेकऱ्यांनी वैद्यराजांचे दंड धरले.

वैद्यराज राणीकडे वळले. "राणीसाहेब, आज पट्टी सुटली नाही, तर उद्या मला बोलावू नका. उपयोग व्हायचा नाही."

राणी थबकली. राजाची आज्ञा मोडणं म्हणजे खेळ नव्हे. पण तिने धडाधड खिडक्या उघडल्या आणि धुपाटणी बाहेर भिरकावली. धूर ओसरला, तसा सडक्या मांसाचा दर्प वर आला. होयबांनी नाकाला उपरणी लावली. राजाचा चेहरा पांढराफटक पडला.

"पाय वाचेल ना?" त्याने विचारलं.

"दोन दिवस आधी विचारलं असतंत, तर हो म्हणालो असतो."

राजा जगला, पण पाय गुडघ्याखाली कापावा लागला. त्यानंतर तो मुकाट्याने काढा घेई, रोज पट्टी सोडू देई, आणि जोडीला वाळाही हुंगे. त्याने आरामही पडे. बिचाऱ्या अत्तराचा दोष कधीच नव्हता.

म्हणून मुलांनो आणि थोरांनो, वेदना जरूर शमवावी, पण ती शमली म्हणून जखम झाकून ठेवू नये.