सशिणीची राखणदार

जिथे जंगल विरळ होत होत माळ सुरू होतो, अशा एका ठिकाणी उंच गवतात एक सशीण राहत असे. स्वभावाने ती वाईट नव्हती, मुलांनो. पण हिशेबाला फार पक्की होती, आणि भित्री तर होतीच. मागच्या खेपेची तिची सगळी पिल्ले कोल्ह्याने नेली होती. त्यामुळे पुन्हा पिल्ले झाली तेव्हा आनंदाऐवजी तिच्या छातीत धडकीच भरली. चरायला जावे तर पिल्ले उघडी पडतात आणि न जावे तर दूध आटते. शेवटी तिने ठरवले, राखणीला कुणीतरी ठेवायचे.

माळापलीकडे एक तळे होते. तिथे टिटव्यांचा थवा राहत असे. सशीण तळ्यावर गेली आणि एका तरुण टिटवीला म्हणाली, "माझ्याकडे ये. उंच दगडावर बसायचं आणि कोल्हा दिसला की ओरडायचं, एवढंच काम. त्याबद्दल रोज सकाळी मी तुला वारूळ उकरून देईन. ताजी वाळवी, पोटभर." आपला थवा सोडायचा म्हणून टिटवी जरा घुटमळली, पण वाळवीचा मोह पडला आणि ती आली.

सशीण हरखून गेली. वाटेत अंगभर काटे असलेली म्हातारी साळू भेटली, तिलाही तिने सांगितले. "साळूमावशी, सकाळी थोडी माती उकरली की दिवसभराची राखण झाली! इतकं स्वस्त कुणाला पडलं असेल?"

साळू म्हणाली, "वाळवीचं झालं गं. पण ती पाणी कुठे पिणार? इथे तर थेंब नाही. दुखलंखुपलं तर कोण बघणार? तळ्यावर तिचं सगळं गोत होतं."

"ते तिचं ती बघेल," सशीण म्हणाली. "ठरलंय ते मी चोख देईन."

आणि खरोखरच तिने ते चोख दिले. वारूळ उकरायची एकही सकाळ तिने चुकवली नाही. पण टिटवीला हा माळ नवा होता. शेळ्या आल्या तरी ती ओरडे, वाऱ्याने गवत हलले तरी ओरडे. पिल्ले थरथर कापत आणि सशीण तोंडातला घास टाकून धावत येई. "ताई, कोल्हा कुठून येतो तेच मला ठाऊक नाही," टिटवी एकदा म्हणाली. "मला एकदा सगळ्या वाटा दाखवाल का?"

"तुला दाखवत फिरले तर चरू कधी? कळेल हळूहळू," सशीण म्हणाली. हळूहळू कळलेही; पण तोवर उगाच धावून धावून सशीण निम्मी झाली होती, आणि त्याचा दोष तिने मनात टिटवीलाच दिला.

मग ऊन तापू लागले. भर दुपारी टिटवीला पाण्यासाठी तळ्यावर जावे लागे, आणि तेवढा वेळ दगड रिकामा राही. सशीण कुरकुरली तेव्हा टिटवी म्हणाली, "त्या बाभळीखालच्या खळग्यात ओल आहे. तुम्हाला उकरायची सवय आहे, थोडं खोल केलंत तर पाणी झिरपेल. मग मी कुठेच जाणार नाही."

"पाण्याचं आपलं बोलणं झालं नव्हतं," सशीण म्हणाली. आज पाणी दिले तर उद्या ही आणखी काही मागेल, असे तिला वाटले.

तसेच झाले. टिटवीने दगडगोट्यांत अंडी घातली. थव्यात असती तर आळीपाळीने बसायला कुणीतरी असते. इथे ती एकटी. ती संकोचत म्हणाली, "ताई, या उन्हात अंडी भाजतात. पोटाची पिसं भिजवून आणायची आणि त्यांच्यावर बसायचं, असं आमच्यात करतात. मी पाण्यावर जाईन तेवढा वेळ तुम्ही इथे थांबाल का?"

"राखायला मी तुला ठेवलंय, की तू मला?" सशीण फणकारली. "अंडी घालायला मी सांगितलं नव्हतं."

टिटवी परत अंड्यांवर जाऊन बसली. त्यानंतर तिने काहीही मागितले नाही.

एका दुपारी सशीण कोरड्या ओढ्यापलीकडे चरत होती. अचानक टिटवीचा आकांत ऐकू आला. पण दगडावरून नव्हे, लांबून, तळ्याच्या बाजूने. सशीण जीव तोडून धावली. ती पोहोचली तेव्हा पिल्ले चहूकडे पांगली होती आणि एक पिल्लू कोल्ह्याच्या तोंडात लोंबत होते. टिटवी त्याच्या डोक्यावर झेपा घेत होती. तिला त्याने जुमानलेही नाही. जाता जाता तो दगडगोट्यांशी थांबला, पिल्लू खाली ठेवले, अंडी फोडून चाटली, आणि पिल्लू पुन्हा उचलून निघून गेला.

"कुठे होतीस?" सशीण किंचाळली.

टिटवीच्या पोटाची पिसे ओली होती. त्यांतले पाणी फुटक्या कवचांवर ठिबकत होते. "पाण्यावर," ती म्हणाली.

सशिणीने त्या ओल्या कवचांकडे पाहिले. ती म्हणाली, "जाऊ नकोस. खळगा आत्ता खोदते. दुपारची मी थांबत जाईन. म्हणशील ते देईन."

"ताई, तुमची वाळवी कधी कमी पडली नाही," टिटवी म्हणाली. "पण तुम्ही माझा आवाज तेवढा कामाला ठेवलात. आवाज एकटा कसा येईल? त्याला तहान असते, त्याची लेकरं असतात." एवढे बोलून ती उडाली.

काही दिवसांनी सशीण पुन्हा तळ्यावर गेली. या वेळी पाणी, सावली, दुपारचा विसावा, सगळे तिने आपणहून कबूल केले. थव्यातली वडीलधारी टिटवी शांतपणे म्हणाली, "आमची एक पोर तुमच्याकडे होती. परत आल्यापासून ती ओरडतच नाही." कुणीही आले नाही.

मग सशीण स्वतःच दगडावर बसू लागली. चरणे राहिले आणि दूध आटले. उरलेली पिल्ले वाळत चालली, पान हलले तरी दचकू लागली. अखेर त्यांना घेऊन तिने जन्माची जागा सोडली आणि ती दाट झाडीत निघून गेली. त्या माळावर पुढे कोल्हा खुशाल हिंडे, आणि तो आल्याचे कुणीच कुणाला सांगत नसे.

तात्पर्य : नुसते काम कधी कामाला येत नाही, काम करणारा जीव येतो. त्याचे शिकणे, त्याची तहान, त्याचा विसावा आणि त्याची लेकरे मोबदल्यात न धरता जो त्याला ठेवतो, त्याला स्वस्त वाटलेली चाकरी सर्वांत महाग पडते. आणि ते मोल तो एकटा मोजत नाही.